एकादशी उरुबाम्बाच्या खोऱ्यात

मागच्या अंकात आमच्या पेरूच्या सहलीबद्दल मी दोनच पानं लिहिली होती. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. संपादकांनी गठ्ठा घरी पाठवला आणि वर चिठ्ठी लावली, 'आता तुम्हीच निस्तरा.' निस्तरते. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आम्ही पाच जण होतो. सासूबाई (वय ७६), हे, मी, आमची मुलगी आणि तिचा ९ वर्षांचा मुलगा. मे महिन्यातले १६ दिवस, त्यातले बहुतेक इंका लोकांच्या (स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्यांच्या) उरुबाम्बा खोऱ्यात आणि त्यांच्या राजधानीत, कुस्कोत. मी पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली आहेत, तेव्हा उत्तरांत गटारं आणि निचरा जरा जास्त आला तर सांभाळून घ्या.

प्रश्न : चार ठिकाणांहून सहलीचे कार्यक्रम मागवले. चारही कागदांवर तेच : लिमाहून विमानाने कुस्को, त्याच दुपारी शहरदर्शन, दुसऱ्या दिवशी पहाटे माचू पिक्चू. आई ७१ वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मुलं ९ आणि १३ वर्षांची. झेपेल का? (एक वाचक, चिंचवड)

झेपेल, पण तो क्रम उलटा करा. लिमा समुद्राकाठी आहे आणि कुस्को ३,४०० मीटरवर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी कुस्को शंभर मीटर वरच राहतं. आणि तिथे तुम्ही सव्वा-दीड तासात जाऊन पडता, फुप्फुसांना कसलीही पूर्वसूचना न देता. उलट माचू पिक्चू, इंकांचं डोंगरावरचं जुनं गाव, २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. फोटोत ते ढगात दिसतं म्हणून लोकांना उंच वाटतं.

आम्ही कुस्कोच्या विमानतळावरून शहरात न जाता थेट गाडी करून उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात उतरलो आणि ओयांतायताम्बोला राहिलो. ते साधारण २,८०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस गावातच रेंगाळलो. तिथून माचू पिक्चू, मग परत खोरं, आणि शरीर सरावल्यावर शेवटी कुस्को. सासूबाईंना एकदाही त्रास झाला नाही. झाला तो यांना. खोऱ्यात उतरायच्या रस्त्यावर आधी चिंचेरो नावाचं गाव लागतं, तेही ३,७६० मीटरवर, हे मी आधी नकाशावर पाहून सगळ्यांना बजावलं होतं. तरी हे फोटोसाठी उतरले आणि चर्चच्या पायऱ्या चढले, त्याही दोन-दोन. परत आले ते पांढरेफटक. गाडीजवळ उलटी झाली आणि मग तासभर, लग्नाच्या ३५ वर्षांत पहिल्यांदाच, काहीही न बोलता बसले. खाली उतरलो तसं बरं वाटलं.

आईंच्या डॉक्टरांना मुक्कामांची उंची लिहून दाखवा. उंचीसाठी देतात ती गोळी लघवी वाढवणारी असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही तशाच असतात, म्हणून हे माझ्या किंवा शेजाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवू नका. पहिले दोन दिवस रात्री हलकं जेवण, भरपूर पाणी, जिन्यावर घाई नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर 'सकाळपर्यंत बघू' म्हणू नका. लगेच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

आणखी एक, जे आमच्या सहलवाल्याने सांगितलंच नव्हतं. पेरूहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, तेव्हा आईंसाठी हे काम तिकिटाच्याही आधी करा. आम्हाला हे निघायच्या तीन आठवडे आधी, भाजी घेताना, एका ओळखीच्या नर्सबाईंकडून कळलं.

प्रश्न : सासूबाईंना मांस, मासे, अंडं चालत नाही आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या असतात. पेरूचं जेवण म्हणून शोधलं तर कच्चा मासा आणि गिनी पिग दिसतात. साबुदाणा किती किलो न्यावा? (एक सूनबाई, डोंबिवली)

साबुदाणा घरीच राहू द्या. आपण उपासाला काय खातो ते एकदा आठवा : बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा, मिरची, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कसावा. यातलं एकही मूळचं आपलं नाही. सगळं अमेरिका खंडातलं, त्यातलं बरंच पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेलं, आणि बटाट्याचं तर माहेरच अँडीज पर्वत. म्हणजे तुमच्या सासूबाई उपासाच्या पदार्थांच्या जन्मगावी निघाल्या आहेत.

आमची एकादशी चौथ्या दिवशी आली. सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं, की त्या फक्त पाणी आणि केळी घेतील. मुलीने फोनवर भाषांतर करून घरमालकिणीला सांगितलं, की आज आजी देवासाठी धान्य खात नाहीत. त्या बाईंना यात काहीच विचित्र वाटलं नाही. अर्ध्या तासाने टोपलीभर उकडलेले बटाटे आले. आतून गर्द पिवळे, जांभळे, एक तर कापल्यावर पांढऱ्यात जांभळी नक्षी निघाली. पेरूत बटाट्याच्या ३,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय बटाटा संस्थाही लिमातच आहे. टोपलीत एक जात होती, नुसती गाठीगाठींची, सोलायला महाकठीण. तिचं केचुआ भाषेतलं नाव काचुन वाकाची, म्हणजे सुनेला रडवणारा. नव्या सुनेला हा बटाटा सोलायला देऊन तिची परीक्षा बघायची, अशी तिकडची गोष्ट. मुलीने हे मोठ्याने वाचून दाखवायला नको होतं. सासूबाईंनी तो बटाटा उचलला, निरखून पाहिला आणि माझ्यासमोर ठेवला.

सोबत भाजलेले शेंगदाणे होते आणि दुधात शिजवलेला किविचा. किविचा म्हणजे राजगिऱ्याचा सख्खा भाऊ. तो फुलवून मधात थापलेल्या वड्या बाजारात मिळतात. नातवाने 'आजी, चिक्की!' म्हणून ओरडून सगळा बाजार गोळा केला होता. किनवा नावाच्या तिथल्या दाण्यांचं काय करायचं, यावर मात्र घरात मतभेद झाले. तेही शास्त्राने तृणधान्य नाही, असं मी म्हटलं. सासूबाईंचा निकाल : 'धान्यासारखं दिसतं, धान्यासारखं शिजतं. उद्या बघू.' दुसऱ्या दिवशी पारण्याला त्यांनी किनवाचं दोन वाट्या सूप घेतलं.

मिठाचा प्रश्नही आलाच. खोऱ्याच्या वरच्या बाजूला मारासला मिठागरं आहेत, समुद्रापासून इतक्या दूर आणि ३,००० मीटरच्याही वर. डोंगराच्या पोटातलं मीठ विरघळवत एक झरा बाहेर येतो. त्याचं पाणी बोटभर रुंदीच्या पाटांनी ३,००० हून जास्त वाफ्यांत फिरवतात आणि उन्हात वाळवतात. वाफे गावातल्या कुटुंबांचे, वाटून घेतलेले. ही मिठागरं इंकांच्याही आधीपासूनची मानतात. मी तिथे दोन तास केवळ पाणी वळवण्याची पद्धत बघत उभी राहिले, दगड सरकवला की एक वाफा बंद, दुसरा चालू. आमच्या खात्यातल्या फळ्या आणि चाव्या आठवल्या. सासूबाईंना एकच जाणून घ्यायचं होतं, मीठ समुद्राचं की खाणीचं? डोंगरातलं म्हटल्यावर ते सैंधव ठरलं आणि उपासाला चालू लागलं.

बाकी दिवसांचं सांगते. ठेचा विसरला असाल तर काळजी नको. कुस्कोकडे उचुकुता करतात. मिरची, वाकाताय नावाचा उग्र वासाचा पाला, कधी शेंगदाणे, कधी चीज, हे सगळं दगडी बातानवर वाटतात. बातान म्हणजे त्यांचा पाटा, फक्त वरवंटा मोठा आणि अर्धचंद्रासारखा, तो ओढायचा नाही, डोलवायचा. रोकोतो नावाची गोल लाल मिरची टोमॅटोसारखी दिसते आणि तिच्या बिया काळ्या असतात. दिसण्यावर जाऊ नका, आमच्या घरचे साताऱ्याचे वीर तिच्यापुढे गप्प झाले. मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीजचा तुकडा, चोक्लो कोन केसो, हे मुलांचं दुपारचं खाणं. संध्याकाळी पिकारोनेस घ्या : रताळं आणि भोपळा घालून तळलेली कडी, वर चांकाकाचा पाक. चांकाका म्हणजे गूळ. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात फळांचा रस घेतला, की पेला संपल्यावर बाई भांड्यातला उरलेला रसही ओतते. त्याला यापा म्हणतात. आपल्याकडे भाजीवर कोथिंबिरीची काडी टाकतात, तशातलंच. न मागता मिळतो, पण नातू दुसऱ्या दिवसापासून मागू लागला.

सावध राहायचं ते सूपबद्दल. भाज्यांचं म्हणून येतं आणि पाणी कोंबडीचं असतं. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं तिन्ही म्हणायचं (मांस, कोंबडी, मासा नको) आणि 'कालदो'चं, म्हणजे सुपाच्या पाण्याचं, वेगळं विचारायचं. तुमच्यात कोणी गोमांस टाळत असेल तर लोमो, रेस आणि अंतिकुचो हे शब्द लक्षात ठेवा. पापा आ ला वांकाइना हे चीज-मिरचीच्या पिवळ्या रसातले बटाटे, पण वर अंडं असतं, ते काढायला सांगा.

आणि चुन्यो एकदा तरी चाखा. डोंगरावरच्या थंडीत बटाटे रात्रभर गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात सुकवायचे. असं चार-सहा दिवस केलं की दगडासारखे कडक, पण हलके गोळे होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. इंकांची सैन्यं यावर चालली. ओयांतायताम्बोसमोरच्या पिंकुइयुना डोंगराच्या उभ्या उतारावर त्यांची कोठारं दिसतात, मुद्दाम थंड वाऱ्याच्या तोंडावर बांधलेली. चव? मला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. सासूबाई म्हणाल्या, 'वाळवण आहे ते, चवीला कोण करतं?'

प्रश्न : मी सहावीत आहे. कुस्कोजवळच्या साक्सायवामान या इंकांच्या किल्ल्याच्या भिंतीतल्या दगडांमध्ये ब्लेडसुद्धा जात नाही. म्हणून दादा म्हणतो, की ते परग्रहावरच्या लोकांनी बांधलं. खरं काय? (सांगली)

दादाला आधी एक विचार. ओयांतायताम्बोच्या किल्ल्याचे मोठे गुलाबी दगड नदीपलीकडच्या डोंगरातल्या काचिकाता खाणीतून आणले. दरी उतरायची, नदी ओलांडायची आणि पुन्हा चढायचं. त्या वाटेवर काही प्रचंड दगड आजही तसेच पडलेले आहेत, मंदिरापर्यंत न पोचलेले. तिथले लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. यानातून आलेल्यांचे दगड असे वाटेत थकतील का? थकतात ती माणसं.

आता करत कसे होते ते सांगते. इंकांकडे लोखंड नव्हतं, गाड्यांना चाकं नव्हती, बैल नव्हते. लामा हा प्राणी होता, पण तो २५-३० किलोच्या वर ओझं घेत नाही. त्यांच्याकडे नदीतले कठीण गोटे होते, जाड दोर होते आणि पाळीपाळीने कामावर येणारी हजारो माणसं होती. गोट्याने दगडावर ठोकत राहायचं, टक टक टक, आणि चूर उडवत आकार द्यायचा. जाँ-पिएर प्रोत्झन नावाच्या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकांनी असेच गोटे घेऊन स्वतः दगड घडवून पाहिले. जमलं, आणि फार वेळही लागला नाही. तू कधी गेलास तर भिंतीच्या दगडावर नीट बघ : मधोमध मोठे खळगे आणि कडेजवळ बारीक. कारण कडेला छोटा गोटा वापरावा लागतो, नाहीतर टवका उडतो. ही हाताची खूण आहे. वरच्या दगडाच्या बुडाला जसा उंचवटा, तसा खालच्याच्या माथ्याला खळगा कोरायचा, की दोन्ही एकमेकांत बसले. साक्सायवामानचे सर्वांत मोठे दगड शंभर टनांहून जड असावेत असा अंदाज आहे, म्हणून असे दगड पुन्हा पुन्हा उचलून बघणं परवडत नव्हतं. मापं आधीच घेत असावेत.

चुना नाही, सिमेंट नाही, मग भूकंपात काय होतं? कुस्कोत कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर होतं. स्पॅनिश लोकांनी ते मोडून त्याच्या भिंतींवर मठ बांधला. १६५० आणि १९५० च्या भूकंपांत वरचा मठ कोसळला, खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या. त्या भिंती आत कललेल्या आहेत, दारं वर अरुंद आणि खाली रुंद, आणि दगड थोडे हलून पुन्हा जागेवर बसतात. मी हे आयुष्यभर पुस्तकात शिकवलेलं ऐकलं होतं, भिंतीला हात न लावता (लावू देत नाहीत) दोन फुटांवरून बघताना अंगावर काटा आला.

तुमच्यापासून खिद्रापूर फार लांब नाही. बाबांना घेऊन जा. तिथल्या बाराव्या शतकातल्या मंदिराचे दगड जवळून बघ आणि छिन्नीच्या खुणा शोध. आपल्या कारागिरांकडे लोखंड होतं, म्हणून नक्षी इतकी बारीक. मग मला लिही, कोणाचं काम अवघड होतं.

प्रश्न : नवऱ्याला गिनी पिग खाऊन बघायचाय. मुलीकडे पाळलेला आहे, तिने जेवण सोडण्याची धमकी दिली आहे. तुमच्याकडे कोणी खाल्ला का? (ठाणे)

यांनी. वेगळ्या टेबलावर, पाठ आमच्याकडे करून. तिथे त्याला कुय म्हणतात आणि इंकांच्याही आधीपासून तो घरोघरी मांसासाठी पाळतात. सणावाराचं अन्न आहे, थट्टेचा विषय नाही. पण तो डोक्यासकट, दातांसकट ताटात येतो, हे मुलीला आधी सांगा. कुस्कोच्या मुख्य चर्चमध्ये मार्कोस झापाताचं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे, त्यात मधल्या ताटात बहुतेक कुयच दिसतो. चित्र पाहून मुलीला कळेल, की हे बाबांच्या डोक्यातलं खूळ नाही. तरी मिस्टरांना म्हणावं, एकट्याने जा.

प्रश्न : माचू पिक्चूला दोन दिवस द्यावेत का? आणि ते शहर हरवलं होतं म्हणजे नेमकं काय? (नागपूर)

वयस्कर माणसं आणि मुलं असतील तर एक फेरी पुरे, पण आदल्या रात्री खालच्या आग्वास कालियेंतेसला मुक्काम करा. तिथे मोटारीचा रस्ता नाही, ओयांतायताम्बोहून आगगाडीने पावणेदोन तास लागतात. मग सकाळी वळणावळणाची बस. तिकीट ठरावीक वेळेचं आणि ठरावीक मार्गाचं असतं, महिने आधी काढा. मूळ पारपत्र जवळ हवं. आत शौचालय नाही, बाहेर पडलं की परत प्रवेश नाही. सासूबाईंना हे मी फाटकावर तीनदा सांगितलं, चौथ्यांदा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती लिहिता येणार नाही.

'हरवलं' हा शब्द मला पटत नाही. पंधराव्या शतकात पाचाकुती राजाने बांधलेली ती राजघराण्याची जागा. स्पॅनिश विजयाच्या काळात ओस पडली आणि स्पॅनिशांनी ती कधी मोडली नाही. ज्याने ते 'शोधलं' म्हणतात तो अमेरिकी संशोधक हायरम बिंगम २४ जुलै १९११ ला तिथे पोचला तेव्हा शेतकरी कुटुंबं त्याच पायऱ्यांच्या शेतांत पीक घेत होती, आणि आगुस्तिन लिसारागा नावाच्या स्थानिक माणसाने १९०२ मध्येच भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलं होतं. ज्यांच्या शेतात होतं त्यांचं काय हरवलं?

तिथे सगळे उभे राहून तोच एक फोटो काढतात. काढा. मग खाली बघा. वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उभा डोंगर, आणि तरी साडेपाचशे वर्षांत गाव घसरून नदीत गेलं नाही. केनेथ राइट या जलअभियंत्याने अभ्यास करून मांडलं, की तिथलं निम्म्याहून जास्त बांधकाम जमिनीखाली आहे, पायाभरणीत आणि निचऱ्यात. पायरीच्या शेतात वर माती, खाली वाळू-खडी, त्याखाली दगडाच्या कपच्या. भिंतींमधून पाणी काढून द्यायला शंभरावर तोंडं ठेवलेली. झऱ्याचं पाणी पाऊण किलोमीटर पाटाने आणून एकाखाली एक १६ कुंडांतून सोडलंय. पहिलं कुंड राजाच्या निवासाशी. मी गुडघ्यावर बसून एका नाल्याचा उतार बोटांनी मोजत होते, तेव्हा पहारेकऱ्याने शिट्टी मारली. नातवाने पुढचे तीन दिवस ती शिट्टी वाजवून दाखवली.

प्रश्न : कोकाच्या पानांचा चहा उंचीवर चांगला म्हणतात. घरी आणता येईल का? (पुणे)

अजिबात नको. पेरूत तो उघड मिळतो, हॉटेलात भांडं भरून ठेवलेला असतो, पण भारतात ती पानं बेकायदा आहेत, चहाची पुडीसुद्धा. तिथे मोठ्यांनी प्यायला हरकत नाही. आम्ही नातवाला आणि सासूबाईंना मुन्या दिला, डोंगरी पुदिन्यासारखा पाला, पोटाला हलका.

उरलेली सात पत्रं एकाच विनोदाची आहेत : पेरूला जाऊन पेरू खाल्ला का? खाल्ला. तिथे त्याला ग्वायाबा म्हणतात. पण खायचं फळ ते नव्हे, चिरिमोया. सीताफळाचंच जवळचं भावंड, साल गुळगुळीत, गर दाट मलईसारखा आणि बिया तशाच काळ्या. पिसाकच्या बाजारात सासूबाईंनी दोन संपवली आणि अकरा बिया रुमालात बांधल्या, परसात लावायला. परवान्याशिवाय बी-बियाणं देशात आणता येत नाही, म्हणून लिमाच्या विमानतळावर मी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावल्या. आता तीन महिने झाले. त्या विषयावर त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.